गिअरबॉक्स बदलला, स्पीड सेन्सरचा सिग्नल असा जुळवला

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स बसवला. माउंटिंगच्या पट्ट्या आणि प्रोपेलर शाफ्टचं काम बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर होऊन गेलं. गाडी चालली, पण स्पीडोमीटरचा काटा शून्यावरच. थोड्या वेळात इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी०५०० कोड आला. म्हणजे ईसीयूला, इंजिन सांभाळणाऱ्या कंप्युटरला, वेगच कळत नव्हता.

जुन्या गिअरबॉक्सवर तीन वायरचा हॉल सेन्सर (बाहेरून सप्लाय घेऊन चौकोनी पल्स देणारा) होता: सप्लाय, अर्थ आणि सिग्नल. नव्यावर दोन वायरचा मॅग्नेटिक सेन्सर. तो स्वतःच एसी व्होल्टेज तयार करतो. हाताने शाफ्ट फिरवला तर मल्टिमीटरवर जेमतेम काही दशांश व्होल्ट, पण हायवेच्या वेगाला बरेच व्होल्ट. तो थेट मीटरला जोडून चालत नाही. इथे सिग्नलचा आकारही बदलायचा असतो आणि संख्याही. ही दोन कामं वेगवेगळी धरा, नाहीतर चूक कुठे आहे ते सापडत नाही.

आधी संख्या. माझं मीटर जुन्या जपानी पद्धतीचं: केबलचे किलोमीटरला ६३७ फेरे, दर फेऱ्याला ४ पल्स (सिग्नलचे ठोके), म्हणजे किलोमीटरला २५४८. नव्या बाजूचा आकडा मोजूनच काढला. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करून गाडी दहा फेरे ढकलली: १९.८ मीटर. म्हणजे किलोमीटरला ५०५ फेरे. मग दोन्ही मागची चाकं स्टँडवर घेतली, पुढच्या चाकांना ठोकळे लावून ती अडवली, गाडी न्यूट्रलला ठेवली आणि प्रोपेलर शाफ्टवर खूण केली. दोन्ही चाकं बरोबरीने दहा फेरे फिरवल्यावर शाफ्ट ४३ फेरे फिरला. एकच चाक उचललं असेल तर त्याच ४३ फेऱ्यांसाठी ते चाक वीस वेळा फिरवावं लागतं, कारण डिफरन्शियल अर्धी फिरकी खातं. इथे फसलात तर आकडा थेट दुप्पट किंवा निम्मा येतो. शाफ्टबरोबर फिरणाऱ्या, सेन्सरसमोरच्या चकतीचे दात सहा. ५०५ × ४.३ × ६ म्हणजे किलोमीटरला सुमारे १३०२९ पल्स.

१३०२९ ला २५४८ ने भागलं की ५.११ येतात. ४०१७ या पल्स मोजणाऱ्या काउंटर चिपने सरळ पाचने भागता येतं, पण मग मीटर सव्वादोन टक्के जास्त दाखवतं. मला ओडोमीटरही खरा हवा होता, म्हणून आर्डुइनो नॅनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड घेतला. येणाऱ्या दर पल्सला बेरजेत ५०९६ (२५४८ ची दुप्पट) मिळवायचे. बेरीज १३०२९ झाली किंवा ओलांडली की तेवढे वजा करून आउटपुट पालटायचा. दोनदा पालटला की एक पल्स.

आकारासाठी एलएम१८१५, म्हणजे मॅग्नेटिक सेन्सरच्या एसी लाटेचे नॅनोला कळतील असे पल्स करणारी चिप. सेन्सरकडून येताना मध्ये १८ किलो-ओहमचा रेझिस्टर. नॅनोच्या आउटपुटला बीसी५४७ ट्रान्झिस्टर, बेसला ४.७ किलो-ओहम, कलेक्टर मीटरच्या सिग्नल वायरला. मीटरच्या आत पुल-अप (सिग्नल वायर सप्लायकडे ओढून धरणारा रेझिस्टर) नसेल तर बाहेरून द्यावा लागतो. तो विसरला तर बाकी सगळं बरोबर असूनही काटा हलत नाही. नॅनोचा सप्लाय १ अँपियरच्या फ्यूजमधून ७८०५ या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरवर, आणि त्याआधी जादा व्होल्टेज शोषणारा टीव्हीएस डायोड, कारण अल्टरनेटरचे झटके बोर्ड जाळतात.

गाडी उभी असताना ॲक्सिलरेटर दाबल्यावर काटा उडायला लागला. सेन्सरच्या वायरची शील्ड (वायरभोवतीची धातूची जाळी) मी दोन्ही टोकांना अर्थ केली होती. गिअरबॉक्सकडचं टोक सोडवलं, फक्त सर्किटकडचं ठेवलं आणि वायर इग्निशन कॉइलपासून लांब नेली. काटा शांत झाला.

मग काकतीच्या पुढे हायवेच्या किलोमीटर दगडांवर तपासलं. दहा किलोमीटरला ओडोमीटर १०.१ दाखवत होता, म्हणून १३०२९ च्या जागी १३१५९ घातले. टायरच्या हवेवर हा आकडा थोडा हलतो, तेव्हा खडूचं माप रोजच्या हवेवरच घ्या.

खानापूर-चोर्ला बाजूच्या पावसात गिअरबॉक्सवरचा कनेक्टर पाण्यात बुडतो, म्हणून जोड फायरवॉलजवळ वर नेला. मॅग्नेटिक सेन्सरच्या टोकाला लोखंडाची भुकटी चिकटते. ऑइल बदलताना सेन्सर काढून पुसतो आणि दात ते टोक ही फट एक मिलिमीटरच्या आत आहे ना ते बघतो. फट वाढली की मंद वेगाला काटा आधी मरतो.