टर्कीचं ताट आणि आमची परात

आमच्या घरात पितळेची एक मोठी परात आहे. आजेसासूबाईंपासून चालत आलेली, काठाला एक पोचा. कणीक मळायला म्हणून ती घरात आली असणार, पण गेल्या वीस वर्षांत तिच्यात कणीक क्वचितच मळली गेली. तिच्यात तांदूळ निवडले जातात, दिवाळीत चिवडा कालवला जातो आणि पाऊस तिरपा लागला की ती गळक्या खिडकीखाली जाऊन बसते. मागच्या महिन्यात लेकीने तिच्यात शाळेच्या प्रोजेक्टचा ज्वालामुखी उभा केला. सोडा, व्हिनेगर, लाल रंग. "अगं, परात काय यासाठी असते?" म्हणून मी ओरडले खरी, पण मग कशासाठी असते, हे मलाच सांगता येईना.

अशा वेळी मला जीन स्ट्रॅटन-पोर्टर आठवतात. म्हणजे त्यांची ताटं आठवतात.

या बाई अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या, कादंबऱ्या लिहिणाऱ्या आणि पक्ष्या-पतंगांचे फोटो काढणाऱ्या. जन्म १८६३ चा, शेतकरी घरात, बारा भावंडांत शेंडेफळ. मूळ नाव जिनीव्हा, आणि पुढे संसार थाटला तोही जिनीव्हा नावाच्याच गावात. हा निव्वळ योगायोग. नवरा, चार्ल्स पोर्टर, औषधांचा दुकानदार. गावाला लागूनच लिंबरलॉस्टची दलदल पसरलेली, सुमारे १३,००० एकरांची. गावातली शहाणी माणसं तिकडे फिरकत नसत आणि बाईंचा पाय घरात ठरत नसे. लहानपणी वडिलांनी शेतावरचे सगळे पक्षी 'हे तुझे' म्हणून तिला देऊन टाकले होते, आणि ती साठेक घरट्यांवर नजर ठेवून असायची. मालकीची ही भावना काही गेली नाही.

तर दलदलीतल्या पक्ष्यांचे फोटो. कॅमेरा जड, फोटो काचेच्या प्लेटांवर यायचे. ते धुवायला डार्करूम हवी. बाईंकडे होती घरची बाथरूम. आणि प्लेटा आणि प्रिंटा धुवायला सणाच्या दिवशी अख्खी टर्की, म्हणजे कोंबडीहून थोरला पक्षी, मांडून आणायची ती लांबट, मोठाली ताटं, तीही स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये. फोटो इतके स्वच्छ यायचे, की फोटोचा कागद बनवणाऱ्या कंपनीने आपला माणूस पाठवला: बाई, तुमची पद्धत काय, जरा दाखवा. काय दाखवणार? न्हाणीघर आणि ताटं! त्या माणसाचा चेहरा मला बघायला आवडला असता. (त्याच ताटात पुढच्या सणाला टर्की वाढली का, हाही प्रश्न मला पडतो. पण घरात औषधवाला नवरा असल्यावर रसायनांची धास्ती कोण घेणार!)

फोटोंसाठी बाई काय करायच्या, तर एका पोकळ ओंडक्यात काळ्या गिधाडाचं पिल्लू सापडलं म्हणून जवळजवळ तीन महिने तिथे खेटे घालत राहिल्या. चिखल, डास, साप आणि गिधाडाच्या घरट्याला येतो तो वास. या भटकंतीतूनच 'फ्रेकल्स' ही कादंबरी निघाली, १९०४ साली.

त्याआधीची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. पहिली कथा मासिकाला पाठवताना त्यांनी पोस्टात गुपचूप स्वतःचा वेगळा बॉक्स घेतला. साभार परत आली तर नवऱ्याला आणि मुलीला कळायला नको. मग वाट बघणं. मासिकाकडून हूं नाही की चूं नाही. एक दिवस दुकानात गेल्या, तर तिथला पोऱ्या म्हणतो, काल तुमची गोष्ट वाचली, छान होती. मासिकाने बाईंचा पत्ताच हरवला होता! साल १९०१. दलदलीत पिस्तूल घेऊन हिंडणारी बाई 'नको' ऐकायला इतकी घाबरावी, हे वाचून मला बरं वाटलं.

पुढे नाव झालं, लाखांनी पुस्तकं खपली. प्रकाशकाशी ठरलं होतं: एक कादंबरी, मग एक निसर्गाचं पुस्तक, पुन्हा कादंबरी. कादंबरीने कमवायचं आणि पतंगांनी उडवायचं. पतंग म्हणजे दिव्यावर येतात ते, तळहाताएवढे. मेल्यावर त्यांचा रंग उतरतो म्हणून बाई जिवंत पतंगांचे फोटो काढून त्यावर हाताने जलरंग भरायच्या. 'अ गर्ल ऑफ द लिंबरलॉस्ट'मधली एल्नोरा पतंग विकूनच शाळेचा खर्च भागवते, आणि ते विकत घेणारी 'बर्ड वुमन' म्हणजे खुद्द बाईच. समीक्षकांनी या कादंबऱ्यांना गोडमिट्ट म्हटलं. आहेतच. पण दलदलीची पानं आली की साखर कमी होते.

तोवर दलदलच कमी होत चालली होती. झाडं तोडली, तेलविहिरी आल्या, चर खणून पाणी काढलं, खाली शेती आली. १९१३ पर्यंत बाईंना फोटो काढायला फारसं उरलं नाही, म्हणून त्यांनी उत्तरेकडे एका तळ्याकाठी घर बांधलं आणि तिथे रानफुलं लावत सुटल्या. शेवटी कॅलिफोर्निया, सिनेमा कंपनी, आणि ६ डिसेंबर १९२४ ला लॉस एंजेलिसमध्ये त्यांच्या मोटारीला ट्रामची धडक. जिनीव्हाजवळच्या थोड्या जमिनीत अलीकडे पुन्हा पाणी साठू दिलंय. पक्षी परत आलेत.

आमचा ज्वालामुखी शाळेत दुसरा आला. व्हिनेगर सांडलं तिथे परातीला बशीएवढा लख्ख चट्टा पडलाय, बाकी सगळी काळपटच. चिंच लावून एकसारखी करावी, असं रोज म्हणते. परवा लेक कढीपत्त्यावरच्या चार हिरव्या अळ्या घेऊन आली आणि परातीत ठेवून वर चाळण झाकली. तांदूळ सध्या ताटात निवडते आहे.