बुलिमिया: वजनावरून न कळणारा आजार
लातूरला शिकवणीसाठी राहणाऱ्या माझ्या भाचीचे वजन घटले नव्हते आणि मेसचा डबाही परत येत नव्हता, त्यामुळे तिला बुलिमिया असेल अशी शंका घरात कुणालाच आली नाही. ताबा सुटल्यासारखे खूप खायचे आणि मग अपराधी वाटून उलटी, जुलाबाची औषधे किंवा कडक उपास यांनी त्याची भरपाई करायची, असे हे चक्र असते. लंडनमधील मनोविकारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये त्याचे स्वतंत्र आजार म्हणून वर्णन केले. आपल्याकडे उपासाला मान असल्याने ते सहज झाकले जाते, असे मला वाटते.

याला ‘नखरे’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी एवढेच सांगते, की वारंवार उलट्यांनी दातांचे आवरण झिजते आणि, त्याहून गंभीर म्हणजे, रक्तातील पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून रक्ततपासणी आवश्यक आहे. बोधात्मक वर्तनोपचाराने (विचार आणि सवयी बदलायला मदत करणाऱ्या, बोलण्यातून होणाऱ्या उपचाराने), गरज पडल्यास फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरही दिल्या जाणाऱ्या औषधाच्या जोडीने, अनेक रुग्ण बरे होतात. कुठे जावे हे सुचत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते; मात्र चक्कर येत असेल किंवा छातीत धडधडत असेल, तर थेट रुग्णालय गाठावे.