आमची गोष्ट वेगळी

२०१६चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. आमच्या गल्लीत मात्र टँकरच. नियम माझ्याच पुढाकारानं ठरलेला: घरटी चार घागरी, नंबरानं.

तिसऱ्याच दिवशी मी सहावी घागर भरत होतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय रे, नियम तूच केलास ना?"

"काकू, पाहुणे आलेत. आमची गोष्ट वेगळी."

"अन् माझी लेक बाळंत होऊन पंधरा दिवस झाले. मी चारच नेल्या की!"

तर्कशास्त्रात याला 'स्पेशल प्लीडिंग' म्हणतात, हे मला पुष्कळ नंतर कळलं. नियम सगळ्यांना, सूट आपल्यापुरती, आणि त्या सुटीला टिकेल असं कारण नाही. अपवाद मागणं हीच चूक, असं मात्र नव्हे. बाळंतिणीच्या घरात धुणंपाणी जास्तच लागणार. हा फरक थेट पाण्याशी जोडलेला आहे. शिवाय जिथं जिथं बाळंतीण, तिथं दोन घागरी जास्त, असं सगळ्यांसाठी म्हणता येतं. माझे पाहुणे? अहो, लग्नसराई होती, पाहुणे घरोघरी होते. मी फक्त माझेच मोजले.

जास्तीच्या दोन घागरी मी काकूंच्या दारात नेऊन ठेवल्या. संध्याकाळी रिकाम्या घागरी परत आल्या. काकू दोन दिवस बोलल्या नाहीत.