हिपॅटायटिस बीच्या लशीचे सहा डोस : माझा अनुभव

दादाने आयुष्यात पहिल्यांदा रक्तदान केलं ते वयाच्या ५१ व्या वर्षी. काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, एकदा समक्ष येऊन जा म्हणून. काय ते फोनवर सांगेनात. तो एकटाच जाऊन आला. आल्या आल्या त्याने आपलं ताट, वाटी, पेला उचलून वेगळ्या फडताळात नेऊन ठेवला. आम्ही विचारत राहिलो, तो बोलेना. शेवटी वहिनीनेच त्याच्या खिशातला कागद काढून वाचला. एचबीएसएजी पॉझिटिव्ह. म्हणजे हिपॅटायटिस बी, विषाणूमुळे लिव्हरला होणारी कावीळ.

कावीळ म्हटलं की पिवळे डोळे आणि अंथरुणाला खिळलेला माणूस एवढंच माझ्या डोक्यात होतं. दादाला यातलं काही म्हणजे काहीच नव्हतं. आदल्या आठवड्यात त्याने कपाट एकट्याने सरकवलं होतं.

लिव्हरच्या डॉक्टरांकडे आम्ही सगळेच गेलो. आई, वहिनी, भाचा आणि मी. डॉक्टरांनी दादाला तपासायच्या आधी विचारलं, "घरात कोण कोण राहतं?" मग सावकाश समजावून सांगितलं. हा विषाणू रक्तातून आणि शरीरातल्या इतर स्रावांतून पसरतो. शरीरसंबंधातून, बाळंतपणात आईकडून बाळाला, दुसऱ्याला वापरलेल्या सुईतून. दाढीचं ब्लेड, टूथब्रश, नेलकटर यांवर डोळ्यांना न दिसणारं रक्त असू शकतं आणि शरीराबाहेर हा विषाणू निदान ७ दिवस तग धरतो, म्हणून या वस्तू ज्याच्या त्याच्याच हव्यात. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने तो लागत नाही. वहिनीने ताटाची गोष्ट सांगितली, तेव्हा डॉक्टर दादाकडे वळून म्हणाले, "ताट आजच्या आज जागेवर ठेवा. आणि बाकीच्यांनी लस घ्या."

ताट त्या दिवशी जागेवर आलं. लशीला मला पंधरा महिने लागले. एवढे का लागले हे सविस्तर लिहितेय, कारण या लशीबद्दल मला आधी कुणी चार गोष्टी सांगितल्या असत्या तर निम्मी धावपळ वाचली असती.

आधी रक्त तपासायचं. एचबीएसएजी म्हणजे आत्ता विषाणू अंगात आहे का, अँटी-एचबीएस म्हणजे संरक्षण आहे का, आणि कोअर अँटिबॉडी म्हणजे पूर्वी कधी लागण होऊन गेली का. या तिन्ही एकत्र पाहिल्या तरच अर्थ लागतो. भाच्याला लहानपणी लस दिलेली होती, त्याचं संरक्षण शाबूत होतं. वहिनीच्या आणि माझ्या तिन्ही तपासण्या निगेटिव्ह आल्या, म्हणजे विषाणूही नाही आणि संरक्षणही नाही. आईची कोअर अँटिबॉडी मात्र पॉझिटिव्ह निघाली, सोबत अँटी-एचबीएसही. तिला कधीतरी नकळत हा आजार होऊन गेला होता आणि शरीराने तो परतवून लावला होता. तिला लशीची गरजच नव्हती.

पण आईने त्या रिपोर्टचा वेगळाच अर्थ लावला. "माझ्यामुळेच माझ्या लेकराला लागलं," हे वाक्य तिने त्या आठवड्यात किती वेळा म्हटलं असेल. वहिनीच्या मनात दुसराच प्रश्न होता, तो तिने मला दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या हळूच विचारला, "अगं, ह्यांना हे कुठून लागलं असेल?" मला उत्तर माहीत नव्हतं. मी तिला घेऊन परत डॉक्टरांकडे गेले. असा प्रश्न नवऱ्याला विचारता येत नाही आणि मनात ठेवला तर संसार पोखरतो. डॉक्टरांनी सरळ सांगितलं. मोठेपणी लागण झाली तर १०० पैकी ९५ हून अधिक जणांचं शरीर ती सहा महिन्यांत निपटून टाकतं. तान्ह्या वयात झाली तर १०० पैकी सुमारे ९० बाळांच्या अंगात ती कायमची मुक्काम करते. दादाची तपासणी सहा महिन्यांनी पुन्हा पॉझिटिव्ह आली तर लागण बहुधा अगदी लहानपणची असावी. आईकडून, की न उकळलेल्या एखाद्या सुईतून, हे आता कुणीही सांगू शकणार नाही. वहिनीने डोळे पुसले. (सहा महिन्यांनी ती पॉझिटिव्हच आली.)

आम्हा बहीणभावांच्या जन्माच्या वेळी ही लसच नव्हती. बारूक ब्लमबर्ग यांनी या विषाणूचा शोध लावला १९६० च्या दशकात, त्याबद्दल त्यांना १९७६ मध्ये नोबेल मिळालं. पहिली लस आली १९८१ मध्ये, आणि यीस्टच्या पेशींत तयार होणारी, आज वापरतात तशी, १९८६ मध्ये. सगळ्याच देशांनी बाळांना ती द्यावी अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९९२ साली केली. आज बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिला डोस देतात तो याचसाठी. हे कळल्यावर मी आईला ते तारखांसह लिहून दाखवलं. तिने कागद जपून ठेवला. त्यानंतर ते वाक्य तिच्या तोंडून कमी वेळा आलं.

आता दवाखाने. पहिल्या ठिकाणी फक्त लहान मुलांची लस होती. मोठ्यांचा डोस साधारण दुप्पट असतो, मुलांना १० मायक्रोग्रॅम तर मोठ्यांना २०. मागवून घेतो, दोन आठवड्यांनी या म्हणाले.

दुसऱ्या ठिकाणी लस होती. तिथल्या माणसाने फ्रीज उघडला, बर्फाच्या कप्प्याला चिकटून बसलेलं खोकं ओढून काढलं आणि म्हणाला, "कमरेवर देतो, हात दुखणार नाही." वहिनी तयार झाली होती. मला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'दंडात' असं अधोरेखित केलेलं आठवलं. मी चिठ्ठी दाखवली. तो म्हणाला, काही फरक पडत नाही. आम्ही उठून आलो. मला वाद घालता येत नाही, पण उठून येता येतं.

तिसरा दवाखाना घरापासून चालत दहा मिनिटांवर होता आणि आमच्या लक्षातही आला नव्हता. एक खोली, एक बाक, एक सिस्टर. फ्रीजच्या दारावर वही टांगलेली आणि तिच्यात सकाळ-संध्याकाळचं तापमान लिहिलेलं. मी दुसऱ्या दवाखान्यातला प्रकार सांगितला तेव्हा सिस्टरांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. फ्रीजमधून एक कुपी काढून उजेडात धरली. तळाशी पांढरा पातळ थर बसलेला, वर स्वच्छ पाणी. "आता बघा," म्हणत त्यांनी ती हलवली आणि सगळं सारखं दुधट झालं. कुठे गाठ नाही, कण नाही. ही लस २ ते ८ अंशांतच ठेवायची, गोठू द्यायची नाही, त्या म्हणाल्या. लशीत ॲल्युमिनियमचा क्षार असतो, प्रथिनाचे कण त्याला धरून राहतात. एकदा का गोठली की क्षाराच्या गुठळ्या होतात, आणि पुन्हा वितळली तरी लस कामाची राहत नाही. अशी गोठून गेलेली लस हलवून ठेवली की गाळ भराभर खाली बसतो. कंबरेचं म्हणाल तर तिथे चरबी जास्त, सुई स्नायूपर्यंत पोचतेच असं नाही आणि संरक्षण कमी तयार होतं. म्हणून दंडच.

त्या बोलत असताना वहिनी बाही वर करून बसलीसुद्धा.

डोसबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सुई टोचली, वीस मिनिटं बाकावर बसवून ठेवलं, दोन दिवस दंड ठणकला, वहिनीला रात्री कणकण आली आणि सकाळी गेली. दुसरा डोस एका महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्याच्या कवचाचं नुसतं प्रथिन असतं. त्यामुळे लशीने कावीळ होण्याचा प्रश्नच येत नाही. ही शंका मला किमान पाच जणांनी बोलून दाखवली म्हणून लिहिते. मात्र डोस घेतल्यावर दोन-तीन आठवडे एचबीएसएजीची तपासणी करू नये. तेच प्रथिन रक्तात काही दिवस सापडू शकतं आणि निष्कारण पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात येतो.

वहिनीचा तिसरा डोस दोन महिने लांबला, तिच्या आईच्या आजारपणामुळे. तिकडच्या एका दवाखान्यात तिला सांगितलं, कोर्स तुटला, आता पहिल्यापासून घ्यावा लागेल. तिने रडवेल्या आवाजात फोन केला. मी डॉक्टरांना विचारलं. उशीर झाला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं नसतं, राहिलेला डोस तेवढा घ्यायचा. लांबलाय म्हणून सोडून देणारी माणसं सगळ्यात जास्त बघतो, असं ते म्हणाले. वहिनीने परत येताच तिसऱ्या दिवशी डोस घेतला.

माझे तीन डोस अगदी वेळेवर झाले होते. शेवटच्यानंतर दीड महिन्याने अँटी-एचबीएस तपासलं. निदान १० हवं. माझं आलं ४.

मला ते कळेचना. तारखा चुकल्या नव्हत्या, लस नीट ठेवलेली, सुई दंडात. डॉक्टर म्हणाले, "तुमची काही चूक नाही." निरोगी तरुण माणसांत दर १०० मागे ९० हून अधिक जणांना तीन डोसांत संरक्षण मिळतं. चाळिशी उलटली की हे प्रमाण उतरतं, मधुमेह असेल तर आणखी. मी ४७ वर्षांची आहे आणि सहा वर्षांपासून मधुमेहाच्या गोळ्या घेते. ही तपासणी डॉक्टरांनी करायला लावली ती यासाठी. केली नसती तर तीन डोस झाले म्हणून मी जन्मभर निर्धास्त राहिले असते. मधल्या काळात लागण तर झाली नाही ना, म्हणून एचबीएसएजी तपासलं. ते निगेटिव्ह होतं. मग पुन्हा तीन डोस, त्याच अंतराने.

त्या रात्री दादाने टूथब्रश बाथरूममधून काढून आपल्या खोलीत नेला. मी काही बोलले नाही. सकाळी मीच तो परत बाथरूममध्ये आणून ठेवला, त्याचा त्याच्या पेल्यात, माझा माझ्या पेल्यात. मला दादाची भीती वाटत नव्हती, आणि आपल्यामुळे कुणाला काही होईल या धास्तीत तो आक्रसत चालला होता हे बघवत नव्हतं.

दुसरी फेरी कंटाळवाणी होती. सिस्टर मला दारात बघूनच फ्रीजकडे वळायच्या. पाचव्या डोसाला लस संपलेली होती, आठ दिवसांनी यायला सांगितलं. त्या आठ दिवसांत पूर्वीसारखी घाबरले नाही, कारण उशिराने बिघडत नाही हे आता ठाऊक होतं. मधे वहिनीचा आकडा आला, ४१२. निरोगी माणसाला एकदा १० च्या वर गेल्यावर पुढे बूस्टरची गरज नसते, म्हणून तिचं काम तिथेच संपलं. तरी सहाव्या डोसाला ती माझ्यासोबत आली आणि त्याच बाकावर वीस मिनिटं बसली.

दादाला अजून औषध सुरू करावं लागलेलं नाही. दर सहा महिन्यांनी लिव्हरची तपासणी, विषाणूचं प्रमाण आणि सोनोग्राफी एवढं असतं. गरज पडली तर विषाणूला दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्या आहेत. गेल्या महिन्यात त्याची तपासणी आणि माझा शेवटचा रिपोर्ट एकाच दिवशी आला. लॅबच्या खिडकीतून मी कागद घेतला, तोवर तो रक्त द्यायला रांगेत बसलेला.

"दहाच्या वर आहे?" त्याने बसल्या जागेवरून विचारलं.

"१८६," मी म्हटलं.

त्याने कागद मागून घेतला, चष्मा लावून स्वतः वाचला, आकड्यावर बोट ठेवून परत एकदा वाचला. तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं. कागद माझ्या हातात देऊन बाही सरसावत तो आत गेला.