कोबे पायी बघायचं तर डोंगराकडून समुद्राकडे

बडोद्याच्या जुन्या गावात पत्ता सांगताना मांडवी धरून सांगतात: पाणीगेटच्या बाजूला, लहरीपुऱ्याच्या बाजूला. जपानमधल्या कोबे बंदरातले लोक दोनच बाजू सांगतात. 'यामागावा' म्हणजे डोंगराकडची आणि 'उमिगावा' म्हणजे समुद्राकडची. उत्तरेला रोक्को डोंगररांग, दक्षिणेला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत सगळं शहर. रस्ता चुकलात तर चौकात उभं राहून डोंगर कुठे दिसतो ते बघा; तिकडे पाठ केली की तोंड बंदराकडे.

याच उताराच्या जोरावर दिवस आखायचा. बरेच प्रवासी शहराच्या मध्यावरच्या सान्नोमिया स्टेशनवर उतरतात आणि भर दुपारी कितानोची, म्हणजे डोंगरउतारावरच्या जुन्या परदेशी घरांच्या भागाची, चढण चढतात. पायांचा जोर तिथेच संपतो आणि बंदर घाईत उरकावं लागतं. आपले बडोदेकरांचे पाय तर सपाटीला सरावलेले. म्हणून सुरुवात वरच्या अंगाच्या शिन-कोबे या बुलेट ट्रेनच्या स्टेशनापासून करा. मुक्काम ओसाकाला असेल तर सामान तिथेच राहू द्या, कारण हा रस्ता एकेरी आहे आणि लॉकरसाठी परत वर यावं लागणं म्हणजे शिक्षाच. ओसाकाहून जेआरची, म्हणजे जपान रेल्वेची, 'शिन-काइसोकु' ही जलद गाडी वीसेक मिनिटांत सान्नोमियाला सोडते. तिथून भुयारी रेल्वेनं एकच स्टेशन वर. भुयारी रेल्वेला जेआरचा पास चालत नाही, तेव्हा इकोका या प्रवासाच्या प्रीपेड कार्डात पैसे असू द्या.

साडेआठपर्यंत शिन-कोबे गाठा. स्टेशनच्या तळमजल्यावरून बाहेर पडून रुळांच्या खालून मागे गेलात की नुनोबिकी धबधब्याची पायवाट लागते. आधी मेन्ताकी हा लहान धबधबा, मग पंधरा मिनिटांच्या आत ओन्ताकी, 43 मीटर उंच. बुलेट ट्रेनच्या स्टेशनामागे इतकं रान असेल असं वाटत नाही. पायऱ्या दगडी आणि ओलसर असतात, सपाट तळव्याची चप्पल घसरते, बूटच घाला. या डोंगरात रानडुकरं आहेत. त्यांना खाऊ घालण्यावर शहरात बंदी आहे, आणि खाण्याची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका. दिवसभरातली खरी चढण एवढीच.

तिथून पश्चिमेला कितानो. बंदर 1868 मध्ये परदेशी व्यापाराला उघडलं आणि पुढे परदेशी व्यापारी या उतारावर घरं बांधून राहू लागले. लाल विटांचं, छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा असलेलं घर 1909 चं, एका जर्मन व्यापाऱ्याचं. इथे पाच-सहा घरांचं एकत्रित तिकीट गळ्यात मारलं जातं. ते घेऊ नका. तिसऱ्या घरापासून त्याच खुर्च्या आणि तेच पडदे दिसायला लागतात. एखादंच घर आतून बघा आणि शेजारच्या कितानो तेन्मान देवळाच्या पायऱ्या चढा. वरून छपरांच्या पलीकडे बंदर दिसतं आणि पुढचा सगळा रस्ता डोळ्यांत भरतो.

आपल्याकडच्या माणसानं कितानोत खरं बघावं ते भगवान महावीरांचं देरासर, म्हणजे जैन मंदिर. पांढऱ्या संगमरवराचं, 1985 चं. 1923 च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर तिथले बरेच भारतीय व्यापारी कोबेला आले. मोत्यांच्या व्यापारात गुजराती जैन कुटुंबांनी इथे जम बसवला. देरासराच्या दारात गुजराती कानावर पडली तर दचकू नका. थोडं खाली 1935 ची मशीद आहे, जपानमधली पहिली. 1945 ची बॉम्बफेक आणि 1995 चा भूकंप, दोन्हींतून ती उभी राहिली.

जेवण याच भागात उरका. शाकाहारी माणसाची अडचण पुढे वाढत जाते. जपानी रश्शात 'दाशी' असतो आणि तो बहुतेकदा सुक्या माशाचा. वर एकही तुकडा दिसत नाही म्हणून पदार्थ शाकाहारी ठरत नाही. कितानोच्या आसपास भारतीय खाणावळी आहेत, तिथे पोटभर जेवून घ्या. पुढे नानकिनमाचीत, म्हणजे चिनी बाजारात, पांढऱ्याशुभ्र, चुण्या पाडलेल्या वाफाळत्या गोळ्यांसाठी रांगा दिसतील. मोठ्या मोदकासारखे दिसतात, पण ते 'बुतामान', आत डुकराचं मांस.

तोर रोडनं सरळ खाली आलात की दाइमारूचं मोठं दुकान लागतं. त्याच्या पूर्वेला जुनी परदेशी वसाहत, पश्चिमेला मोतोमाचीची छप्पर असलेली बाजारपेठ आणि चिनी बाजार. पाऊस आला तर मोतोमाचीत शिरा. किलोमीटरभर छत्री उघडावी लागत नाही. नाहीतर वसाहतीला तासभर द्या. इथे 126 भूखंड पाडले होते आणि अजूनही इमारतींना त्या क्रमांकांनीच ओळखतात. 15 नंबरची इमारत 1995 च्या भूकंपात कोसळली. जुने भाग वेचून ती पुन्हा उभारली. तिच्या मागच्या बाजूला 1872 च्या सुमाराच्या गटाराचा तुकडा उघडा ठेवला आहे. वाकून बघा: विटांची गोल नळी, एकेक वीट वळणात बसवलेली. लोक पुढच्या खांबांचे फोटो काढतात आणि हे न बघताच जातात.

शेवटी बंदरावरचं मेरिकेन पार्क. 'बी कोबे' या मोठ्या अक्षरांपाशी फोटोची रांग असते. तिथे वेळ न घालवता आधी भूकंपस्मारकाकडे वळा. 17 जानेवारी 1995, पहाटे 5:46. 6,434 माणसं गेली. बंदराच्या धक्क्याचा साठेक मीटरचा तुकडा जसा मोडला तसाच ठेवला आहे: काँक्रीटचे ठोकळे पाण्यात कललेले, दिव्यांचे खांब तिरपे, फटींतून लाटा आत येतात. कठड्याला टेकून पाच मिनिटं शांत उभं राहा.

1963 चा लाल पोर्ट टॉवर 108 मीटरचा आहे. वर चढण्यापेक्षा तो लांबून बघणं मला जास्त पटतं. पाण्याला वळसा घालून हार्बरलँडमधल्या मोझाइक या दुकानसंकुलाच्या लाकडी सज्जावर सूर्यास्ताआधी पोचा. हिवाळ्यात पाचच्या सुमारालाच अंधारायला लागतं आणि डोंगरावरून बोचरा वारा सुटतो, तेव्हा कानटोपी जवळ हवीच. सबंध वाट फिरून सात-आठ किलोमीटर भरते. सज्जावरून जेआरचं कोबे स्टेशन दहा मिनिटांवर आहे आणि ओसाकाची जलद गाडी तिथेही थांबते. सान्नोमियाला परत चढून जाऊ नका.