१९५७ चा नॅशनल लीग संघ: आठ जागांचा निकाल

अमेरिकन बेसबॉलमधील नॅशनल आणि अमेरिकन या दोन लीगच्या निवडक खेळाडूंत होणाऱ्या ऑल-स्टार सामन्याचे जुने संघ नव्याने निवडण्याच्या या छंदात १९५७ च्या नॅशनल लीगचे काम बरेच पुढे सरकले आहे. पिचर (चेंडू टाकणारा) वगळता आठही जागा निश्चित झाल्या असून राखीव खेळाडूंचा प्रश्न मात्र एका ठिकाणी अडला आहे. हे वर्ष का घेतले, हे जाणकारांना सांगण्याची गरज नाही. तेव्हा चाहते मतदानाने संघ निवडत. त्या उन्हाळ्यात सिनसिनाटी एन्क्वायरर या वृत्तपत्राने आधीच भरलेल्या मतपत्रिका छापल्या, रेडलेग्ज या सिनसिनाटीच्या संघाच्या चाहत्यांनी त्या मनापासून पाठवल्या आणि आठपैकी सात जागांवर सिनसिनाटीचे खेळाडू निवडून आले: एड बेली, जॉनी टेंपल, रॉय मॅकमिलन, डॉन होक, फ्रँक रॉबिन्सन, गस बेल आणि वॉली पोस्ट. एकट्या स्टॅन म्यूझियलने पहिला बेस राखला. बेसबॉलचे आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी मग हस्तक्षेप करून गस बेल आणि वॉली पोस्ट यांच्या जागी विली मेज आणि हँक ॲरन यांना घेतले. बेलला राखीव म्हणून ठेवले, पोस्टला तेही मिळाले नाही. पुढच्या वर्षापासून चाहत्यांचा मताधिकारच गेला आणि तो १९७० पर्यंत परत आला नाही.

मला पडलेला प्रश्न इतकाच आहे की, फ्रिक यांनी केलेली दुरुस्ती योग्य जागी झाली का?

पात्र कोणाला म्हणायचे, हे त्याआधी ठरवावे लागते. ऑल-स्टार सामना जुलैत होतो. तोवर १५४ सामन्यांच्या हंगामाचा जेमतेम अर्धा भाग उरकलेला असतो आणि एवढ्या अवधीत बेताचा फलंदाजही नशिबाच्या जोरावर मोठी सरासरी (हिटचे फलंदाजीच्या संधींशी प्रमाण) मिरवू शकतो. म्हणून मी १९५६ आणि १९५७ हे दोन्ही हंगाम पूर्ण धरले. जुलैनंतरचे आकडे मतदारांना कुठे ठाऊक होते, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो रास्तही आहे. परंतु मी मतदारांची परीक्षा घेत नसून त्या काळात त्या जागेवरचा सर्वोत्तम खेळाडू कोण होता, एवढेच पाहत आहे.

या कसोटीवर बाहेरच्या मैदानाचा निकाल लवकर लागतो. दोन हंगामांत ॲरनचे ७० होम रन (चारही बेस फिरवून थेट धाव देणारे फटके) आहेत, मेजचे ७१, पोस्टचे ५६ आणि बेलचे ४२. सरासरी आणि मेजचा धावण्याचा वेग लक्षात घेतला की वादाला जागाच उरत नाही. डावीकडे फ्रँक रॉबिन्सन राहतो. ब्रुकलिनच्या ड्यूक स्नायडरने १९५७ मध्ये सलग पाचव्या हंगामात ४० किंवा त्याहून अधिक होम रन मारले होते आणि निव्वळ फलंदाजी मोजली तर तो रॉबिन्सनच्या पुढेही जाईल; पण स्नायडर मधल्या मैदानाचा खेळाडू आणि ती जागा मेजची आहे. ज्या जागेवर खेळाडू खेळतो त्याच जागेसाठी त्याचा विचार करायचा, हा दंडक मी सोडलेला नाही. स्नायडर राखीव.

खरी गंमत आतल्या मैदानात आहे. तिसऱ्या बेसवर डॉन होकने १९५७ मध्ये .२९३ च्या सरासरीने लीगमधील सर्वाधिक, ३९, डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे फटके) मारले, त्यामुळे त्याची निवड वरवर पाहता हास्यास्पद वाटत नाही. तथापि आदल्या वर्षी शिकागोकडून खेळताना त्याची सरासरी .२१५ होती. दोन हंगामांत त्याचे होम रन २४, तर मिलवॉकीच्या एडी मॅथ्यूजचे ६९. शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) जागी तर फरक डोळ्यांत भरणारा आहे: शिकागोच्या एर्नी बँक्सचे होम रन ७१, रॉय मॅकमिलनचे ४. मॅकमिलनचे क्षेत्ररक्षण अव्वल दर्जाचे होते. १९५७ मध्ये, दोन्ही लीग मिळून प्रत्येक जागेसाठी एकच गोल्ड ग्लोव्ह (सर्वोत्तम क्षेत्ररक्षकाचा पुरस्कार) दिला गेला, तेव्हा शॉर्टस्टॉपचा त्यालाच मिळाला. तरीही ग्लोव्हने वाचवलेल्या धावा एवढी मोठी दरी भरून काढतील, असे मला कोणत्याही हिशेबाने पटवता आले नाही. बँक्स १९५७ मध्ये काही काळ तिसऱ्या बेसवर खेळला, हे धरूनही निर्णय बदलत नाही.

दुसऱ्या बेसवर मी सर्वाधिक वेळ घालवला. जॉनी टेंपल ताकदीचा फलंदाज नव्हता, पण १९५७ मध्ये त्याने ९४ वॉक (पिचरच्या चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळणारा पहिला बेस) मिळवले आणि बेसवर पोहोचण्यात तो रेड शेंडीन्स्टच्या पुढे होता. शेंडीन्स्ट जूनमध्ये न्यूयॉर्कहून मिलवॉकीला आला, त्याने हंगामात २०० हिट पूर्ण केले आणि .३०९ ची सरासरी राखली. शेवटी त्याच्या फटक्यांच्या जोरामुळे मी शेंडीन्स्टला घेतले. टेंपलला घेणाऱ्याशी मात्र मी भांडणार नाही. कॅचर (फलंदाजामागे उभा राहून चेंडू झेलणारा) म्हणून एड बेली कायम: १९५६ मध्ये त्याची सरासरी .३०० होती आणि होम रन २८.

म्हणजे सिनसिनाटीच्या सातांपैकी माझ्याकडे दोघे उरले, बेली आणि रॉबिन्सन. फ्रिक यांनी दोन नावे बदलली, मी पाच बदलली. मेज आणि ॲरन वगळले जाणे कोणाच्याही नजरेत खुपले असते, म्हणून तिथे आयुक्तांचा हात पोहोचला. त्याहून मोठी तफावत असलेल्या शॉर्टस्टॉपच्या जागेला कोणी हात लावला नाही. चाहत्यांना मत देता येत नाही, असा निष्कर्ष मी यातून काढत नाही. १९७० मध्ये मताधिकार परत मिळताच त्यांनी मतपत्रिकेवर नसलेल्या रिको कार्टीचे नाव हाताने लिहून त्याला निवडून दिले आणि त्याने त्या वर्षी .३६६ च्या सरासरीने फलंदाजीचे विजेतेपद पटकावले.

आता अडलेला भाग. प्रत्येक संघाचा निदान एक खेळाडू हवा, हा नियम मी पाळतो आणि त्यामुळे तळाच्या पिट्सबर्गचा पेच उभा राहतो. सेंट लुईसला झालेल्या १९५७ च्या प्रत्यक्ष ऑल-स्टार सामन्यात पिट्सबर्गचा कॅचर हँक फॉइल्स होता. नवव्या इनिंगमध्ये मेजच्या ट्रिपलनंतर फॉइल्सने सिंगल मारला, बेलला वॉक मिळाला आणि बँक्सच्या हिटवर फॉइल्सने धाव पूर्ण केली. पण तिसऱ्या बेसकडे धावलेल्या बेलला अमेरिकन लीगच्या मिनी मिन्योसोने डाव्या मैदानातून फेक करून बाद केले, पाठोपाठ गिल हॉजेसचा फटकाही त्यानेच झेलला आणि अमेरिकन लीग ६-५ अशी जिंकली. एवढे असूनही मिलवॉकीच्या डेल क्रँडलला डावलून फॉइल्सला घेणे मला पटत नाही. पिट्सबर्गचाच शॉर्टस्टॉप डिक ग्रोट याची १९५७ ची सरासरी .३१५ आहे, पण त्याला घेतले तर राखीव शॉर्टस्टॉप म्हणून ठेवलेला मॅकमिलन जातो. त्यापेक्षा पिचरांमध्ये पिट्सबर्गच्या बॉब फ्रेंडला जागा द्यावी, असा माझा कल आहे: १९५७ मध्ये तो १४ जिंकून १८ हरला, तरी दोन्ही हंगामांत नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक इनिंग त्यानेच टाकल्या. त्याची निवड पक्की झाली, तर क्रँडल आणि मॅकमिलन दोघेही राहतील आणि पिचरांच्या यादीत वॉरन स्पॅन आणि जॅक सॅनफर्ड यांच्यानंतरची जागा भरेल.