पंप सोडून परत पेनवर : माझा अनुभव

इन्सुलिन पंप काढून परत इंजेक्शनवर, म्हणजे इन्सुलिनच्या पेनवर आले त्याला बरेच महिने झाले, शुगर पण आता ठीक असतात, पण त्या मधल्या दिवसांचा राग अजून डोक्यातून गेला नाही म्हणून लिहितेय. मला टाईप वन डायबिटीस आहे, लहानपणापासून. पंप वाईट असतो असं माझं अजिबात म्हणणं नाही. माझ्या कातडीला त्याची चिकटपट्टी सोसेना, जिथे लावेन तिथे लाल चट्टा आणि खाज, शिवाय कॅन्युला (पंपाची कातडीखाली जाणारी बारीक नळी) आत मुडपायची आणि रात्रीतून शुगर चढायची. डॉक्टरांना सांगितलं, ते लगेच हो म्हणाले. तिथपर्यंत सगळं सरळ.

डॉक्टरांनी फाईलवर 'पंप बंद, इंजेक्शन सुरू' एवढं लिहिलं आणि डोस, प्रिस्क्रिप्शन डायबिटीस युनिटमधून घ्या म्हणाले. युनिटच्या काऊंटरवर माझी नोंद 'पंप पेशंट' अशी, आणि पंप पेशंटच्या नावावर लाँग ॲक्टिंग, म्हणजे दिवसभर हळूहळू काम करणारं इन्सुलिन कॉम्प्युटर घेतच नाही म्हणे. नोंद बदलायला फॉर्म. फॉर्मवर पंपवाल्या विभागाची सही हवी. तिकडे गेले तर म्हणाले, तुम्ही पंप सोडताय ना, मग आमचा काय संबंध, ओपीडीत जा. ओपीडीत गेले तर अपॉइंटमेंट घ्या, आणि अपॉइंटमेंट थेट पुढच्या महिन्यातली! त्या फॉर्मवर पंप बंद करण्याच्या कारणाचा रकाना होता, त्यात 'पंप बिघडला' आणि 'पेशंटने परत केला' एवढे दोनच पर्याय, माझ्या पोटावर चट्टे दिसतायत आणि ॲलर्जीला चौकट नाही. मी बाजूला हाताने लिहिलं तर फॉर्म परत आला. तोवर इकडे मी चिकटपट्टी हलवून हलवून जागा शोधतेय, आणि घरातला कॅन्युलांचा साठा संपत चाललेला.

पण खरा संताप आला तो काऊंटरवरच्या एका वाक्याचा. "अहो मॅडम, मग तोपर्यंत पंपातलंच इन्सुलिन इंजेक्शनने घ्या ना, इन्सुलिन ते इन्सुलिनच." नाही हो! पंपात फक्त रॅपिड, म्हणजे झटपट काम करणारं इन्सुलिन असतं, लिस्प्रो नाहीतर ॲस्पार्ट वगैरे. पंप ते थेंबथेंब चोवीस तास सोडत राहतो म्हणून आपलं बेसल, म्हणजे खाण्याव्यतिरिक्त दिवसरात्र लागणारं इन्सुलिन, भागतं. ते तीन-चार तासांत अंगातून उतरतं. पंप काढला आणि लाँग ॲक्टिंग घेतलेलं नसलं तर काही तासांतच अंगात इन्सुलिन उरत नाही, शुगर चढते, कीटोन (चरबी जळून रक्तात साठणारी आम्लं) तयार व्हायला लागतात, मळमळ उलट्या सुरू होतात आणि माणूस डीकेएमध्ये म्हणजे कीटोॲसिडोसिस या जीवावर बेतणाऱ्या अवस्थेत जाऊ शकतो. टाईप वनवाल्याला हे पाठ असतं, पण एखाद्या नवीन मुलाच्या आईने काऊंटरवरचं ऐकलं तर? जिथे रोज पंपाचे पेशंट येतात तिथेच हे बोललं जावं याचा मला अजून राग येतो. हातात लाँग ॲक्टिंगचं पेन आणि कागदावर डोस असल्याशिवाय पंप काढू नका, कोणी काहीही म्हणो.

शेवटी युनिटमधल्या एका सिस्टरनी माझं ऐकून घेतलं, स्वतः फोन लावला, सही आणली, आणि डोस कागदावर नीट लिहून दिला. त्या दिवशी जीवात जीव आला. पंपाच्या हिस्टरीत माझं दिवसभराचं बेसल १८ युनिट निघत होतं, त्यांनी डॉक्टरांना विचारून ग्लार्जिन (एक लाँग ॲक्टिंग इन्सुलिन) २० युनिट लिहिलं. इंजेक्शनवर बेसल बरेचदा थोडं वाढवावं लागतं. माझा आकडा मात्र उचलू नका, प्रत्येकाचा वेगळा असतो.

अदलाबदल अगदी सोपी झाली. संध्याकाळी ग्लार्जिन घेतलं, २ तास पंप चालूच ठेवला कारण ग्लार्जिनला जोर धरायला वेळ लागतो, मग पंप काढला. रात्री उठून शुगर बघितली. डेग्लुडेक हे दुसरं लाँग ॲक्टिंग असेल तर ते पूर्ण बसायला २-३ दिवस जातात, त्याचं वेगळं विचारून घ्या. कार्ब रेशो (किती कार्बला किती इन्सुलिन) आणि करेक्शन (चढलेली शुगर उतरवायचा डोस) मी पंपातलेच ठेवले.

पहाटेची शुगर मात्र चढायला लागली, कारण पंपावर पहाटे बेसल वाढवून ठेवलं होतं, लाँग ॲक्टिंगला ते जमत नाही. डॉक्टरांनी वेळ आणि डोस थोडा हलवला तेव्हा बरीच आटोक्यात आली. आणि अंगात आधीचं किती इन्सुलिन शिल्लक आहे हे पंप सांगायचा, आता ते आपणच बघायचं, म्हणून बोलस (जेवणाचा किंवा करेक्शनचा रॅपिड डोस) कधी घेतला ते मी फोनमध्ये लिहिते, नाहीतर करेक्शनवर करेक्शन चढतं आणि शुगर धाडकन लो. व्यायामाचं पण तसंच, बेसल मध्येच कमी करता येत नाही, आधीचा बोलस कमी करायचा की काही खाऊन निघायचं हे ठरवून ठेवावं लागतं.

दोन पेनांना वेगवेगळ्या रंगाचे रबरबँड लावा, रात्री झोपेत लाँगच्या जागी रॅपिडचे २० युनिट गेले तर मोठा धोका. दर वेळी नवीन सुई, आधी २ युनिट हवेत सोडून बघा, टोचल्यावर १० पर्यंत मोजून मगच सुई काढा. पंपाच्या जुन्या जागांवर गाठी असतील तिथे टोचू नका, इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. अर्ध्या युनिटचं पेन मिळतं, मागून घ्या, पंपाच्या बारीक डोसची सवय असलेल्यांना फार बरं पडतं. आणि पंप परत करायच्या आधी सगळ्या सेटिंगचे फोटो काढून ठेवा, बेसलच्या तासातासाच्या आकड्यांसकट, पुढे कधी परत पंपावर जायची वेळ आली तर सुरुवात तिथूनच करता येते.